गेटवर अडवलेल्या माणसाला कारण कळले पाहिजे: अमेरिकेतील रासायनिक कारखान्यांत व बंदरांवर काम करणाऱ्या मराठी सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील रासायनिक कारखाने, साठवण टर्मिनल आणि बंदरे येथे व्यवस्थापन, सुरक्षा, मनुष्यबळ आणि कंत्राटे यांची जबाबदारी सांभाळणारे मराठी सहकारी

स. न. वि. वि.

२८ जुलै २०२३ रोजी अमेरिकेतील रासायनिक कारखान्यांच्या दहशतवादविरोधी सुरक्षेचा केंद्रीय कायदा, ज्याला आपण सगळे ‘सीफॅट्स’ म्हणतो, मुदत संपल्यामुळे निष्प्रभ झाला. प्रतिनिधिगृहाने त्याला मुदतवाढ देणारे विधेयक ४०९ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर केले होते, पण सिनेटमध्ये ते एकमताने संमत करून घेण्याचा प्रयत्न हरकतीमुळे फसला आणि त्यानंतर काँग्रेसने तो कायदा पुन्हा लागू केलेला नाही. सुमारे ३,२०० अतिजोखमीचे कारखाने या कायद्याच्या कक्षेत होते. या कारखान्यांच्या संवेदनशील भागात एकट्याने वावरणाऱ्या माणसांची नावे सरकारी दहशतवादी यादीशी ताडून पाहण्याचे काम त्या दिवसापासून थांबले. कोणाला बॅज द्यायचा, कोणाला एस्कॉर्टशिवाय आत सोडायचे आणि कोणाला गेटवरून परत पाठवायचे, हे ठरवण्याचा बराचसा अधिकार आता कंपन्यांच्या, म्हणजे व्यवहारात तुमच्या, हाती आला आहे.

म्हणून हे पत्र काँग्रेसला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. कायदा परत आणा असे उद्योगसंघटना काँग्रेसला सांगतच आहेत. पण कायदा येईपर्यंतच्या काळात रोज जे निर्णय होतात ते वॉशिंग्टनमध्ये होत नाहीत, ते ह्यूस्टनच्या शिप चॅनेलच्या काठी, बॅटन रूजला, लेक चार्ल्सला आणि न्यू जर्सीत होतात, आणि अशा कारखान्यांतल्या खुर्च्यांवर आपली माणसेही बसलेली आहेत. तुमच्यापैकी कोणी प्लांट मॅनेजर आहे, कोणी प्रोसेस सेफ्टी पाहतो, कोणी कंत्राटदारांच्या यादीवर सही करते. माझे म्हणणे एवढेच आहे की तपासणी सोडू नका, पण ती अशी करा की जिच्यामुळे माणसाचे काम जाते तिचे कारण त्याला लेखी कळेल आणि त्यावर उत्तर द्यायला त्याला वेळ मिळेल.

सीफॅट्समध्ये ही तपासणी कशी होती हे आधी नीट मांडणे आवश्यक आहे, कारण कायदा गेल्यानंतर तिच्यातले चार वेगवेगळे प्रश्न एकात मिसळले जात आहेत. ऑक्टोबर २००६ मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्याच्या अर्थसंकल्पी कायद्यातील एका कलमाने या व्यवस्थेचा पाया घातला आणि २००७ मध्ये नियम आले. तीनशेहून अधिक रसायनांची यादी झाली. त्यातले एखादे रसायन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त बाळगणाऱ्या कारखान्याने खात्याला माहिती द्यायची आणि खात्याने त्याची जोखमीची श्रेणी ठरवायची, अशी रीत होती. कारखान्याने पाळायच्या अठरा निकषांपैकी बारावा निकष माणसांविषयी होता. त्याने चार गोष्टी मागितल्या होत्या: माणूस तोच आहे याची खातरजमा, गुन्हेगारी पूर्वेतिहासाची तपासणी, कामाच्या कायदेशीर परवानगीची तपासणी आणि दहशतवादाशी संबंध आहे का याची तपासणी. पहिली तीन कामे कारखान्याने स्वतः करायची होती. चौथे फक्त सरकारच करू शकत होते, कारण ती यादी सरकारजवळच आहे. सीफॅट्सच्या २०१४ च्या कायद्यानंतर हे चौथे काम डिसेंबर २०१५ पासून वरच्या दोन श्रेणींच्या कारखान्यांत आणि २०१९ पासून खालच्या दोन श्रेणींतही सुरू झाले.

२०२३ मध्ये सरकारकडून थांबले ते हे चौथे काम. उरलेली तीन कामे तुम्ही पूर्वीही करत होतात आणि आजही करू शकता. पण चौथ्याची जागा रिकामी राहिली म्हणून ती भरण्यासाठी दोन चुकीच्या वाटा निवडल्या जात आहेत असे मला दिसते, आणि दोन्हींबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

पहिली वाट म्हणजे खासगी पडताळणी कंपन्यांकडून ‘जागतिक संशयित यादी’ची तपासणी विकत घेणे. या कंपन्या जे पाहतात त्याचा मोठा भाग म्हणजे अर्थखात्याची निर्बंध-यादी आणि तशाच इतर सार्वजनिक याद्या. केंद्र सरकारची दहशतवादी संशयितांची मूळ यादी सार्वजनिक नाही आणि कोणत्याही खासगी कंपनीला ती विकत मिळत नाही. त्यामुळे अशी तपासणी केली म्हणून सीफॅट्समधली पोकळी भरली असे तुमच्या संचालक मंडळाला सांगू नका. ते खरे नाही. या वाटेत दुसरा धोका नावांच्या साधर्म्याचा आहे. सरकारी पद्धतीत एक गोष्ट मोठ्या शहाणपणाने ठेवलेली होती: नाव जुळले तरी खाते ती गोष्ट कारखान्याला कळवत नसे, तपास यंत्रणांना कळवत असे. म्हणजे अर्धवट माहितीवर एखाद्या कामगाराचे भवितव्य ठरवण्याची वेळ मनुष्यबळ विभागातल्या अधिकाऱ्यावर येत नसे. खासगी तपासणीत मात्र ‘संभाव्य जुळणी’ असा शेरा मारलेला कागद थेट त्याच्याच टेबलावर येतो. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचे नाव मधले म्हणून धरले की पहिल्या नावात मिसळले, पासपोर्टवर एक आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरे, हा गोंधळ आपल्यापैकी प्रत्येकाने भोगलेला आहे. तो शेरा पाहून तुम्हीच सर्वांत आधी सावध व्हायला हवे.

आणि सरकारी यादीही चुकते. रहीना इब्राहिम या स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या मलेशियन विद्यार्थिनीचे नाव विमानबंदीच्या यादीत गेले, कारण २००४ मध्ये एका एफबीआय अधिकाऱ्याने अर्जातल्या चुकीच्या चौकटीवर खूण केली होती. ती चूक होती हे सरकारने न्यायालयात मान्य करायला आणि २०१४ मध्ये न्यायाधीशांनी ती दुरुस्त करण्याचा आदेश द्यायला इतकी वर्षे गेली. सीफॅट्सच्या २०१४ च्या कायद्यात, आपली माहिती चुकीची आहे असे वाटणाऱ्याला दाद मागण्याची सोय सक्तीची केली होती. खासगी तपासणीच्या कंत्राटात अशी सोय तुम्ही स्वतः लिहिली नाही तर ती असणार नाही.

दुसरी चुकीची वाट अधिक सर्रास दिसते आणि अधिक नुकसान करते. दहशतवादाची तपासणी करता येत नाही म्हणून गुन्हेगारी पूर्वेतिहासाची चाळणी अधिक बारीक करायची: दहा वर्षांपूर्वीची मारामारी, पंधरा वर्षांपूर्वीची गांजा बाळगल्याची नोंद, निकाल काय लागला हेच न लिहिलेली एखादी अटक, काहीही दिसले की ‘गेट नाकारले’. हे करणाऱ्याला आपण सुरक्षेच्या बाजूने झुकलो असे वाटते. पण त्यातून क्लोरीनची टाकी जराही अधिक सुरक्षित होत नाही. फक्त काही माणसांची कामे जातात.

इथे बंदरांकडे पाहावे, कारण हा प्रश्न बंदरांवर आधी येऊन गेला आणि तिथे त्याला बरेचसे उत्तर सापडले. नोव्हेंबर २००२ च्या सागरी वाहतूक सुरक्षा कायद्याने बंदरांच्या आणि जहाजांच्या सुरक्षित भागात एकट्याने जाणाऱ्या प्रत्येकासाठी बायोमेट्रिक ओळखपत्र सक्तीचे केले. तेच ट्विक कार्ड. ऑक्टोबर २००७ मध्ये डेलावेअरमधील विल्मिंग्टन बंदरावर नोंदणी सुरू झाली आणि १५ एप्रिल २००९ पासून ते देशभर बंधनकारक झाले. आज वीस लाखांहून अधिक लोकांकडे ते आहे: गोदी कामगार, ट्रकचालक, खलाशी, टर्मिनलवरचे तंत्रज्ञ आणि बंदराच्या काठावरच्या रासायनिक कारखान्यांतले आपले सहकारीसुद्धा. कार्डाची मुदत पाच वर्षांची असते आणि त्याचे सव्वाशे डॉलरच्या आसपासचे शुल्क बहुधा कामगारालाच भरावे लागते.

या कार्डाचे नियम मला आदर्श वाटत नाहीत, पण त्यांत एक गोष्ट आहे जी बहुतेक कंपन्यांच्या धोरणात नाही: कोणता गुन्हा अडसर ठरेल, किती काळ ठरेल आणि त्यावर काय करता येईल, हे सर्व आधीच छापलेले आहे. देशद्रोह, हेरगिरी, राजद्रोह आणि दहशतवादाचा केंद्रीय गुन्हा यांना कायमची बंदी आहे आणि तिथे सवलत नाही. खून किंवा स्फोटकांचे गुन्हे यांनाही कायमची बंदी आहे, पण सवलतीचा अर्ज करता येतो. दुसऱ्या यादीत शस्त्रांचे गुन्हे, खंडणी, लाचखोरी, तस्करी, जाळपोळ, दरोडा, अंमली पदार्थांची विक्री असे गुन्हे आहेत. ते दोषसिद्धीपासून सात वर्षांच्या आत किंवा तुरुंगातून सुटल्यापासून पाच वर्षांच्या आत असले तरच अडसर ठरतात. त्यानंतर नाही. फसवणूक या यादीत आहे, पण न वटलेला चेक किंवा सरकारी मदतीच्या अर्जातली लबाडी ही त्यातून मुद्दाम वगळलेली आहे. नुसता अंमली पदार्थ जवळ सापडणे, विक्रीचा हेतू नसेल तर, यादीत नाही. हे बारकावे मी सांगतो आहे कारण त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे: बंदरावर स्फोट घडवण्याशी किंवा बंदरातून माल पळवण्याशी ज्या वागणुकीचा काही संबंध असू शकतो तिच्यावर बंधन, आणि गरिबीत, तरुणपणात किंवा व्यसनात झालेल्या ज्या चुकांचा तसा संबंध नाही त्यांना मोकळीक. मनात शंका आली की नकार, हा निकष त्यात नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नकाराची रीत. हे कार्ड देणाऱ्या टीएसए या केंद्रीय वाहतूक सुरक्षा यंत्रणेला एखादा अर्जदार अपात्र वाटला तर ती त्याला प्राथमिक निर्णयाचे पत्र पाठवते, कारण सांगते आणि उत्तरासाठी साठ दिवस देते. नोंद चुकीची असेल तर अपील, नोंद खरी असून माणूस बदलला असेल तर सवलतीचा अर्ज आणि त्यावरही नकार आला तर प्रशासकीय न्यायाधीशापुढे दाद. ही रीत किती आवश्यक होती हे सुरुवातीच्या दोन वर्षांतच दिसले. अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलच्या २००६ च्या अहवालाने सांगितले होते की एफबीआयच्या गुन्हे-नोंदींपैकी सुमारे निम्म्या नोंदींत खटल्याचा अंतिम निकालच नाही. अटक झाली एवढे लिहिलेले असते. आरोप मागे घेतले, निर्दोष सुटला, गुन्ह्याची श्रेणी कमी झाली, हे राज्याकडून कधी पोहोचलेलेच नसते. असा कामगार अपात्र ठरवला गेला आणि त्याने न्यायालयाचे कागद आणून दाखवले की निर्णय फिरत असे. उत्तर देणाऱ्यांपैकी फार मोठ्या भागाला शेवटी कार्ड मिळाले. ज्यांना आपण उत्तर देऊ शकतो हेच समजले नाही, किंवा पत्रातली सरकारी इंग्रजी वाचून ज्यांनी हात टेकले, त्यांचे काय झाले हे कोणत्या तक्त्यात येत नाही. नॅशनल एम्प्लॉयमेंट लॉ प्रोजेक्ट या संस्थेने २००९ मध्ये या विलंबांवर आणि त्यात अडकलेल्या कामगारांवर जे लिहिले ते तुमच्या मनुष्यबळ विभागाने जरूर वाचावे.

आता हीच कसोटी रासायनिक कारखान्याला लावून पाहा. बारावा निकष गुन्हेगारी पूर्वेतिहास तपासा असे सांगत होता, पण कोणता गुन्हा अडसर आहे, किती वर्षांपर्यंत आणि कामगाराने कोणाकडे दाद मागायची, हे त्याने ठरवून दिले नव्हते. ते प्रत्येक कारखान्यावर सोडले होते. कायदा जिवंत असतानाही हे छिद्र होतेच. त्यातही एक विसंगती होती: जलमार्गाच्या काठावरचा आणि कोस्ट गार्डच्या नियमांखाली येणारा कारखाना सीफॅट्समधून वगळलेला होता. त्यामुळे तोच वेल्डर, तेच रसायन आणि तशीच टाकी असताना काठावरच्या कारखान्यात त्याला छापील यादी, साठ दिवस आणि अपील मिळे, आणि काही मैल आतल्या कारखान्यात फक्त सुरक्षारक्षकाचे ‘तुमचे नाव यादीत नाही’ एवढे वाक्य.

कायमच्या नोकरांसाठी परिस्थिती थोडी बरी आहे. पतविषयक अहवालांच्या १९७० च्या केंद्रीय कायद्यानुसार, पडताळणी कंपनीच्या अहवालावरून कोणाला नोकरी नाकारायची असेल तर आधी त्याची संमती घ्यावी लागते, नकारापूर्वी अहवालाची प्रत द्यावी लागते आणि त्याचे हक्क सांगावे लागतात. समान रोजगार संधी आयोगाच्या एप्रिल २०१२ च्या मार्गदर्शक सूचना गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य, त्याला झालेला काळ आणि त्या कामाचे स्वरूप या तीन गोष्टी पाहायला सांगतात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी याहून पुढे जाऊन स्वतंत्र कायदे केले आहेत. म्हणजे कागदावर चौकट आहे.

पण आपल्या कारखान्यांत सर्वांत जास्त माणसे कायमची नसतातच. टर्नअराउंडच्या, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या, काळात आत येणारे पाइपफिटर, बॉयलरमेकर, मचाण बांधणारे, इन्सुलेशनवाले, हायड्रोब्लास्टिंग करणारे आणि क्रेनचालक हे एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असतात. त्यांची संख्या काही आठवड्यांसाठी कायमच्या कामगारांच्या कितीतरी पट होते. त्यांचा मालक कंत्राटदार किंवा उपकंत्राटदार असतो, आणि गेट मात्र तुमच्या कंपनीचे असते. इथेच सगळी जबाबदारी दोन टेबलांच्या मध्ये पडून जाते. तुमची सुरक्षा शाखा कंत्राटदाराला फक्त ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ एवढे कळवते. कारण सांगत नाही, कारण ते गोपनीय समजले जाते. कंत्राटदाराला काम वेळेत सुरू करायचे असते, त्यामुळे तो वाद घालत नाही, दुसरा माणूस पाठवतो. परत गेलेल्या माणसाला ना अहवाल मिळतो, ना चूक कोणाची हे कळते. कंत्राटदारही पुढच्या वेळी त्याला बोलवायचे टाळतो, कारण नाकारला गेलेला माणूस म्हणून तो त्यांच्या लक्षात राहतो. तीन कारखान्यांनी एकाच चुकीच्या नोंदीवरून त्याला नाकारले की त्या किनाऱ्यावरचा त्याचा धंदा संपला. त्याने काय केले होते, किंवा काही केलेच नव्हते, हे कोणी त्याला विचारलेले नसते. मला या साऱ्या व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो आणि तो दूर करण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

यावर तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि ते मनापासून म्हणतील हे मला माहीत आहे, की आमच्या कुंपणाच्या आत जे आहे ते फुटले तर गाव जाईल, मग शंकेचा फायदा आम्ही माणसाला का द्यावा? धोका खरा आहे. १६ एप्रिल १९४७ रोजी टेक्सास सिटीच्या धक्क्यावर अमोनियम नायट्रेटने भरलेल्या जहाजाच्या स्फोटमालिकेत पाचशेहून अधिक माणसे गेली. तो अपघात होता, पण बंदर आणि रसायन एकत्र आले की काय होते ते त्यात दिसले. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या वेस्ट या गावी खताच्या गोदामाला लागलेल्या आगीनंतर स्फोट होऊन १५ जण मृत्युमुखी पडले. स्फोटके व जाळपोळीचा तपास करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय संस्थेने २०१६ मध्ये ती आग मुद्दाम लावलेली होती असा निष्कर्ष काढला. शिवाय या गोदामाने होमलँड सिक्युरिटी खात्याला आपली माहितीच कळवलेली नव्हती.

मात्र आतल्या माणसाकडून झालेल्या किंवा होऊ शकल्या असत्या घटना नीट पाहिल्या तर जुन्या गुन्ह्यांच्या चाळणीचा उपयोग किती मर्यादित आहे ते लक्षात येते. २६ जून २०१५ रोजी फ्रान्समध्ये सँ-काँतां-फालाव्हिए येथील औद्योगिक वायूंच्या कारखान्यात नेहमी माल पोहोचवणारा एक ड्रायव्हर आपली गाडी घेऊन शिरला. त्याने त्याआधी आपल्या मालकाचा खून केला होता आणि आत वायूच्या नळकांड्यांमध्ये स्फोट घडवण्याचा प्रयत्न केला. त्याच्या नावावर एकही दोषसिद्धी नव्हती. गुप्तचर खात्याने मात्र काही वर्षांपूर्वी त्याच्यावर लक्ष ठेवले होते आणि नंतर ती नोंद पुढे चालू ठेवली नव्हती. दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे: न्यू जर्सीतील एक तरुण २००२ ते २००८ या काळात वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे मजूर म्हणून अणुवीज केंद्रांत काम करत होता, जिथली तपासणी रासायनिक कारखान्यांहून कितीतरी कडक आहे. तो ती उत्तीर्ण झाला होता. पुढे २०१० मध्ये तो येमेनमध्ये दहशतवादाच्या आरोपावरून पकडला गेला. पूर्वेतिहास तपासण्याने या दोघांनाही अडवले नसते.

म्हणून तपासणी निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. बनावट नावाने आलेला, वॉरंट असलेला, जाळपोळीत नुकताच दोषी ठरलेला माणूस तिने सापडतो आणि सापडलाच पाहिजे. पण जो आत आला आहे तो एकटा काय काय करू शकतो, हे ठरवणाऱ्या उपायांवर खरे वजन टाकायला हवे: विषारी वायूच्या साठ्याजवळ एकट्याने काम करू न देणे, वाहनांची तपासणी, साठ्याचा रोजचा हिशेब, कंट्रोल सिस्टीमचे अधिकार कामापुरतेच देणे आणि काम संपले त्या दिवशी बॅज व पासवर्ड बंद करणे. शेवटची गोष्ट साधी आहे आणि तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

तपासणी एकदाच झाली म्हणजे झाली, ही समजूतही सोडायला हवी. सरकारी पद्धतीत नावे यादीशी पुनःपुन्हा ताडली जात. कंपन्यांत मात्र दहा वर्षांपूर्वी नोकरीला लागताना झालेली तपासणी निवृत्तीपर्यंत पुरते. आणि ज्यांच्याकडे घरून लॅपटॉपवरून प्लांटमधल्या प्रणालीत शिरण्याचा अधिकार आहे, म्हणजे तुम्ही आणि तुमचे वरिष्ठ, त्यांची पुन्हा तपासणी झाल्याचे मी क्वचितच ऐकले आहे. जो नियम मचाण बांधणाऱ्याला तो प्लांट मॅनेजरलाही असावा. त्याला सुरुवात तुमच्यापासून झाली तर कामगारांना तो नियम पटायला सोपा जाईल.

ट्विक कार्डावर विसंबणाऱ्यांना एक तांत्रिक सूचना. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०११ च्या अहवालात त्यांच्या तपासनीसांनी बनावट कार्डे आणि फसवणुकीने मिळवलेली खरी कार्डे दाखवून बंदरांत प्रवेश मिळवल्याचे नोंदवले आहे. कार्डातली चिप वाचणारी यंत्रे बसवण्याची सक्ती २०१६ च्या नियमाने आली, पण तिची अंमलबजावणी एकापेक्षा अधिक वेळा पुढे ढकलली गेली. त्यामुळे अनेक ठिकाणी रक्षक कार्डावर नजर टाकतो आणि हात हलवतो. टीएसए रद्द झालेल्या कार्डांची यादी उपलब्ध करून देते. ती रोज उतरवून घेणे आणि मुदत व छायाचित्र खरोखर पाहणे, एवढे तरी तुमच्या गेटवर होते का ते एकदा स्वतः उभे राहून पाहा.

आपल्या व्हिसावरच्या सहकाऱ्यांविषयीही लिहिणे भाग आहे. एच-१बी व्हिसावरचा माणूस ट्विक कार्डासाठी पात्र असतो. नोकरी संपली की कार्ड परत करावे लागते, इतकेच. कामाची परवानगी तपासताना कायद्याने मान्य केलेल्या कागदांपैकी कोणते दाखवायचे हे कामगार ठरवतो. नाव, उच्चार किंवा जन्मदेश पाहून अधिकचे कागद मागणे स्थलांतर कायद्याच्या भेदभावविरोधी तरतुदीत बसत नाही. आपल्यापैकी कोणावर हे घडले तर आपल्याला राग येतो. तोच राग मेक्सिकोतून आलेल्या वेल्डरच्या किंवा शिक्षा भोगून आलेल्या कृष्णवर्णीय पाइपफिटरच्या बाबतीतही यायला हवा. गुन्हे-नोंदींच्या सरसकट चाळणीचा सर्वांत जास्त फटका कृष्णवर्णीय कामगारांना बसतो, हे आयोगाच्या २०१२ च्या सूचनांमागचे एक मुख्य कारण होते.

काँग्रेसमध्ये हा कायदा पुन्हा येईल तेव्हा तुमच्या कंपन्यांचे प्रतिनिधी तिथे असतीलच. त्यांना दोन गोष्टी मागायला सांगा: गुन्हेगारी पूर्वेतिहासासाठी ट्विकसारखी छापील, कालमर्यादित यादी आणि तिच्यासोबत अपील व सवलतीचा हक्क, आणि एका सरकारी तपासणीत उत्तीर्ण झालेल्या माणसाला दुसऱ्या कुंपणापाशी पुन्हा शुल्क भरून तीच तपासणी करावी लागू नये ही तरतूद. जुन्या व्यवस्थेत ट्विक आणि घातक माल वाहणाऱ्या ट्रकचालकांची तपासणी मान्य करण्याची मुभा होती. ती नव्या कायद्यात पर्याय म्हणून न राहता नियम व्हावी.

तोपर्यंत तुमच्या हातात एक कागद आहे. पुढच्या टर्नअराउंडच्या आधी कंत्राटदारांचे करार नव्याने होतील आणि त्यांत ‘कामगारांची पार्श्वभूमी तपासणी’ असे एक कलम असेल, जे बहुधा मागच्या करारातून जसेच्या तसे उचललेले असते. ते या वेळी वाचा. अडसर ठरणारे गुन्हे आणि त्यांची मुदत त्यात नावानिशी लिहा. निकाल नसलेली अटक हे नकाराचे कारण होणार नाही असे लिहा. नाकारलेल्या माणसाला कंत्राटदारामार्फत नव्हे तर थेट, त्याला समजेल अशा भाषेत, अहवालाची प्रत आणि उत्तरासाठी किमान दहा कामकाजाचे दिवस मिळतील, आणि त्याची जागा त्या काळात कायमची भरली जाणार नाही असे लिहा. फेरविचार करणारी व्यक्ती नकार देणाऱ्या व्यक्तीहून वेगळी असेल असे लिहा. तपासणी टर्नअराउंडच्या आठवडाभर आधी न करता सहा आठवडे आधी सुरू करा, म्हणजे हे दिवस वेळापत्रकात बसतील. तुमचा कायदा विभाग मसुद्याला हरकत घेईल. ती हरकत लेखी मागून घ्या आणि कोणत्या वाक्याला आहे ते विचारा.

आपला,
या उद्योगातील एक रसायन अभियंता